विज्ञानकथेसाठी सातासमुद्रापार

दौंड तालुक्यातील वरवंडसारख्या महामार्गावरील गावी, एखाद्या व्यापारी घरातील मुलाने वा मुलीने विज्ञानकथांच्या वाचकांच्या संमेलनासाठी परदेशी जाण्याची इच्छा बोलून दाखवली, तर दुकानाच्या गादीवरून पहिला प्रश्न खर्चाचा येईल आणि दुसरा लाभाचा. माल पाहण्यासाठी, शिक्षणासाठी, आप्तांच्या भेटीसाठी केलेला प्रवास घरास समजतो. गोष्टी वाचणाऱ्यांना भेटण्यासाठी एवढ्या दूर जाणे ही मात्र चैनच वाटते. हा प्रश्न मुळीच अनुचित नाही. ज्यांनी त्याचे उत्तर जमाखर्च मांडून दिले, त्यांची हकीकत म्हणूनच व्यापारी घरांनी ऐकण्याजोगी आहे.

विज्ञानकथेच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क येथे भरले. त्या वर्षी त्या शहरात जागतिक प्रदर्शन होते, त्यावरून ‘जागतिक’ हे नाव पडले. जमलेली मंडळी सुमारे दोनशेच होती. युद्धकाळातील खंड वगळता हे संमेलन दरवर्षी भरत आले आहे. येथे तिकीट नसते, सभासदत्व असते. संमेलनाचा भार स्वयंसेवक वाहतात आणि वर्षातील उत्तम साहित्याचा ह्यूगो पुरस्कार सभासदांच्या मतांनी ठरतो. आशियात ते २००७ मध्ये योकोहामा आणि २०२३ मध्ये चेंगडू येथे झाले. भारतात आजवर एकदाही नाही.

मराठी घरांना हा साहित्यप्रकार परका नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेस ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा जयंत नारळीकरांची होती. नावाचा लाभ मिळू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली होती. पुढे २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. वाचक आणि लेखक एका मांडवात बसतात, हे मराठी माणसास वेगळे सांगावे लागत नाही.

खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र बेलफास्टच्या वॉल्ट विलिस यांच्याकडे सापडते. विलिस सरकारी नोकरीतील गृहस्थ. फावल्या वेळात खिळे हाताने जुळवून ‘स्लँट’ नावाचे छोटे नियतकालिक छापत. त्यांचे लेखन अमेरिकेत आवडीने वाचले जाई, पण तिकडे जाण्याइतका पैसा पगारातून उरणे शक्य नव्हते. तेव्हा अमेरिकेतील शेल्बी विक या वाचकाने वर्गणी सुरू केली. थोड्याथोड्या रकमा जमत गेल्या आणि १९५२ मध्ये विलिस शिकागोच्या संमेलनास पोहोचले. परतल्यावर त्यांनी प्रवासवृत्त लिहिले. ज्यांच्या पैशाने प्रवास झाला, त्यांना त्याचा वृत्तान्त देणे हे त्यांना देणेच वाटले असावे.

या अनुभवावरून १९५३ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील वाचकांनी कायमचा निधी उभारला. त्याचे नियम जुन्या पेढीस शोभतील असे आहेत. उमेदवारास दोन्ही तीरांवरील ओळखीच्या माणसांचे अनुमोदन लागते आणि थोडी अनामत ठेवावी लागते. मत देणाऱ्याने निधीत वर्गणी भरायची असते. ‘यंदा कोणीच जाऊ नये, पैसा शिलकीत ठेवावा’ असेही मत देता येते! निवडून आलेला माणूस प्रवास करून येतो तो मोकळा होत नाही; आपल्या तीरावरील निधीचा हिशेब पुढील काळासाठी त्याच्याच हाती येतो. एक उणीव तेवढी सांगितली पाहिजे. प्रवासवृत्त लिहिण्याचे वचन देऊन पहिल्या एकदोन प्रकरणांवर थांबलेले प्रवासीही पुष्कळ आहेत. उधारी कोणत्या धंद्यात थकत नाही?

हा निधी युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यापुरता आहे. वरवंडच्या तरुणास त्यातून काही मिळणार नाही. रीत मात्र घेण्याजोगी आहे. भिशी चालवणाऱ्या गावास ती शिकवावीही लागणार नाही. सभासदत्व, विमानभाडे, राहणे आणि व्हिसा असे चार खर्च आधी स्वतंत्र मांडावेत. अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. ती रक्कम बुडीत धरूनच हिशेब करावा. आणि पहिली ओळख घरबसल्याही होऊ शकते. २०२० चे न्यूझीलंडमधील संमेलन महामारीमुळे संपूर्णपणे ऑनलाइन भरले होते. त्यानंतर अनेक संमेलनांनी दूरस्थ सभासदांसाठी सोय केली. मन रमते की नाही, हे तेथे थोडक्या पैशात कळते.

विलिस यांची हकीकत १९५२ मध्ये संपली नाही. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, शिकागोतच पुन्हा संमेलन ठरले, तेव्हा वाचकांनी त्यांच्यासाठी पुन्हा वर्गणी काढली. या वेळी दोन माणसांच्या प्रवासाचा खर्च जमवण्यात आला, आणि विलिस यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी मॅडलीन याही शिकागोस गेल्या.