मधल्या वीस फुटांचे अर्थकारण

पदपथाचे काम महापालिकेत मीटरने मोजले जाते आणि मीटरनेच त्याचे बिल निघते, त्यामुळे दोन पूर्ण पदपथांच्या मध्ये राहून गेलेला वीस-पंचवीस फुटांचा तुटका भाग हिशेबाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तोच भाग सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण तेथे त्याला फरसबंदी सोडून थेट पीएमपीच्या बसपुढे उतरावे लागते. पुण्याच्या मध्यवस्तीतील एका रस्त्यावर या आठवड्यात धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून त्या जागी निराळ्या रंगाचे तसेच ब्लॉक बसवले गेले आणि त्यांना लागूनच असलेली खंडित जागा होती तशी सोडण्यात आली, एवढे निमित्त प्रस्तुत विवेचनास पुरेसे आहे. हे काम मार्चअखेरच्या लगबगीत झालेले नाही, एवढी प्रगती मात्र मान्य करावी लागेल.

नियमांची वानवा नाही. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने पदपथावर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच एवढी जागा पूर्ण मोकळी असावी असे सांगितले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचे पादचारी धोरण स्वीकारले आणि सत्तरच्या दशकातील डांबरीकरणासाठी नावाजल्या गेलेल्या जंगली महाराज रस्त्यावर प्रशस्त पदपथ करूनही दाखवला. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. एवढी शिदोरी पाठीशी असताना पदपथ तुटतो कोठे आणि तुटलेला जोडला का जात नाही, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या पेठांपुरते त्याचे उत्तर ‘रस्त्याची नियमित रेषा’ या तरतुदीत सापडते. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० नुसार आयुक्त रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक रेषा आखून देतात आणि त्या रेषेच्या पुढे आलेली इमारत जेव्हा पाडून नव्याने बांधली जाते, तेव्हा ती मागे सरकते. मोकळ्या झालेल्या पट्ट्याचा मोबदला जागामालकाला रोख, वाढीव चटईक्षेत्राच्या रूपाने किंवा टीडीआर म्हणजे दुसऱ्या भूखंडावर वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या रूपाने मिळतो. व्यवस्था कागदावर निर्दोष आहे, परंतु प्रत्येक वाडा आपापल्या मुहूर्तावर पडतो आणि त्यामुळे रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी होत जाते. नव्या इमारतीसमोर ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि रुंद फरसबंदी असते, तर शेजारच्या वाड्याचा ओटा अद्याप थेट डांबराला भिडलेला असतो, कारण आत भाऊबंदांचा वाटणीचा दावा आणि बाहेर भाडेकरूंच्या ताब्याचा दावा अशी दोन प्रकरणे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली असतात. नव्या-जुन्याच्या त्या कोपऱ्यात महावितरणची डीपी उभी राहते, डीपीच्या आडोशाला दोन ॲक्टिवा लागतात, आणि त्यांना वळसा घालून पलीकडच्या चढत्या कर्बवर पाय ठेवताना ज्येष्ठ नागरिक प्रथम डीपीचाच आधार घेतात. पदपथाचा अर्थसंकल्प येथे कितीही वाढवला तरी उपयोग नाही. हा भाग पैशाने नव्हे, तडजोडीने जोडला जाणारा आहे.

पैशाने जोडता येण्याजोगे भाग वेगळेच आहेत आणि ते बहुधा प्रभागांच्या हद्दीवर सापडतात. पुण्याच्या अंदाजपत्रकात ‘स’ यादी नावाचा एक भाग असतो, ज्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातील कामांची तरतूद होते; आणि ‘वर्गीकरण’ या प्रक्रियेने एका कामासाठी ठेवलेला निधी वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवता येतो. दोन्ही सोयी लोकशाहीला धरून आहेत, परंतु त्यांचा परिणाम असा होतो की निधी प्रभागाच्या पोटात मुरतो आणि कडेला पोहोचत नाही. हद्दीवरचा तुकडा जोडल्याचे श्रेय अलीकडच्यांना घ्यावे की पलीकडच्यांना, हे ठरत नाही, आणि ज्याचे श्रेय ठरत नाही त्याचे अंदाजपत्रकही ठरत नाही.

श्रेयाचा उल्लेख आलाच आहे, तर ‘संकल्पना’ या फलकाची दखल घेणे भाग आहे. या सदरात गतिरोधक आणि स्वागतकमानी यांच्याविषयी यापूर्वी पुरेशी कटुता व्यक्त झाली असल्याने फलकालाही न्याय मिळावा, अशी वाचकांची अपेक्षा असणार. ‘संकल्पना व निधी’ या शीर्षकाखाली लोकप्रतिनिधीचे नाव मिरवणारा हा स्टीलचा फलक पुण्यातील बाक, ओपन जिम, उद्याने आणि दिशादर्शक पाट्या यांच्यासोबत उगवतो आणि त्याची मुळे सिमेंटची असल्याने मूळ वस्तूपेक्षा अधिक टिकतो. बाकाच्या पट्ट्या निघून गेल्या आहेत, परंतु तो बाक कोणाला सुचला हे मात्र वाचता येते, अशी ठिकाणे शोधण्यास फार चालावे लागत नाही. प्रभाग चार सदस्यांचा असल्याने नावे चार, आणि त्यांचा क्रम हा स्वतंत्र राजकारणाचा विषय असल्याने फलक रुंद. आचारसंहिता लागली की त्यावर कागद चिकटवला जातो, निवडणूक संपल्यावर तो काढला जात नाही, पहिल्या पावसात तो अर्धा सुटतो, आणि मग एकाच फलकावर दोन आजी व दोन माजी अशी सलगी दिसते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून पुढे दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार चालला, तेव्हाही फलक जागचे हलले नाहीत.

या फलकाचा विषयाशी असलेला संबंध दुहेरी आहे. पहिला संबंध जागेचा: तो सामान्यतः पदपथाच्या कडेला न रोवता बरोबर मध्ये रोवला जातो, जेणेकरून वाचल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, आणि १.८ मीटरमधील बराच भाग तेथेच खर्ची पडतो. दुसरा संबंध निधीचा: बाकावर नाव घालता येते, कमानीवर तर येतेच, परंतु सलग झालेल्या पदपथावर ‘येथे पूर्वी खंड होता’ असे लिहिणे कोणालाही शोभत नाही. काम जितके चोख जमते, तितके ते नजरेआड होते, आणि नजरेआड होणाऱ्या कामासाठी ‘स’ यादीतील रक्कम सोडणारा सदस्य विरळा.

फलकांवर बंदी घालावी अशी सूचना येथे केली जाणार नाही, कारण ती अमलात येणार नाही. मोकळी ठेवायची उंची २.२ मीटरच असल्याने तिच्या वर, एखाद्या भिंतीला धरून, फलक टांगण्यास पादचाऱ्यांची हरकत असण्याचे कारण नाही. आणि हद्दीवरचा तुकडा खरोखरच जोडला गेला, तर दोन्ही प्रभागांतील आठही नावे मावतील एवढा तो लांब करण्यासही नसावी. वाढीव स्टीलचा खर्च तेवढा पदपथाच्या तरतुदीतून होऊ नये. त्यासाठी वर्गीकरण आहेच.