इसबगोलाचा व्यापार आणि आपली जबाबदारी

कापसाच्या गाठीत दोष निघाला तर नुकसान खिशाचे होते. औषधी मालात दोष निघाला तर ते रोग्याच्या देहाचे होते. इसबगोलाचा व्यवहार करणाऱ्या बंधूंनी हा भेद सदैव ध्यानी ठेवावा, असे आमचे नम्र मत आहे.

या पिकाचा व आपल्या प्रदेशांचा संबंध जुना आहे. आज ज्यांच्या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत ती नीमच व मंदसौर पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात, तर उंझा व सिद्धपूर बडोदे संस्थानात होती. राजस्थानातही याची विस्तृत लागवड होते. पेरणी साधारणतः नोव्हेंबरात होते व सुमारे चार महिन्यांत पीक हाती येते. पाणी व खत यांची फारशी अपेक्षा नसली, तरी त्यास कोरडी थंडी व निरभ्र आकाश हवे. ओंब्या पक्व झाल्यावर एक अवकाळी सर आली की बी झडते, वरची साल पाणी पिऊन फुगते आणि शेतकऱ्याचे सारे श्रम मातीस मिळतात. बी झडू नये म्हणून कापणीही पहाटे, दव असतानाच करावी लागते.

इतक्या जोखमीने पिकविलेल्या बियांतून वजनाने शेकडा सुमारे 25 भागच सत, म्हणजे औषधी साल, निघते. खरे मोल या सालीचे आहे. असे असता केवळ वजनावर भाव ठरविणे कितपत न्याय्य? स्वच्छ माल आणणाऱ्यास व रेती-काडीकचऱ्यासह आणणाऱ्यास एकच दर मिळाला, तर माल निवडून आणण्याचे कष्ट कोण घेईल? निवड व तपासणी यांस खर्च येतो, हा आक्षेप खोटा नाही. परंतु परत आलेला माल व गमावलेली पत यांचा खर्च त्याहून मोठा असतो. म्हणून प्रत्येक पेढीने नमुना चाळून, शुद्धता व सालीचा उतारा पाहूनच भाव द्यावा. चांगल्या मालास चढा भाव देणे हे दान नव्हे. तो शहाणा व्यापार आहे.

दुसरे कर्तव्य ग्राहकाविषयीचे. ही साल पाण्यात अनेक पटींनी फुगते व बुळबुळीत होते; म्हणूनच ती बद्धकोष्ठावर गुणकारी ठरते आणि जुलाबातही उपयोगी पडते. तोच गुण अपुऱ्या पाण्याबरोबर घेतल्यास घात करतो. घशात वा अन्ननलिकेत ती अडकू शकते. सबब प्रत्येक पुडीवर ‘पेलाभर पाण्यात ढवळून लगेच घ्यावे, गिळण्यास त्रास असल्यास घेऊ नये’ एवढा मजकूर ठळक मराठीत असावा. इतर औषधे घेणाऱ्यांनी वैद्याचा वा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हेही त्यात असावे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 साली या सालीतील विद्राव्य तंतूंचा हृदयरोगाचा धोका कमी करण्याशी असलेला संबंध वेष्टनावर नमूद करण्यास सशर्त मान्यता दिली. परदेशी बाजार असा खुला झाला असता, त्यात टिकण्याचे साधन एकच : आपल्या पोत्यावरील नाव वाचून ग्राहकाने आतला माल निःशंकपणे स्वीकारावा. ही पत एका हंगामात मिळत नाही, पण एका पोत्याने जाऊ शकते.