मोठ्या सरांची नजर

परिपाठातल्या सुविचाराने मुलांना शिस्त लागते, हा आपल्याकडचा जुना समज. लंडनमधल्या १२ माध्यमिक शाळांचा मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वेगळेच दिसले. कोणत्या शाळेत कशी मुले येतात हे हिशेबात धरूनही शाळाशाळांतल्या वागणुकीत फरक उरत होता. इमारत जुनी की नवी याचा त्याच्याशी संबंध लागला नाही. शाळेतल्या एकूण वातावरणाशी मात्र लागला. तास वेळेवर सुरू होतो का, कौतुक किती होते, मुलांवर जबाबदारी टाकली जाते का, अशा साध्याच गोष्टी. आता हे वातावरण मुख्याध्यापकांच्या मूल्यांतून येते, असे मला वाटते; या अभ्यासात ती मूल्ये थेट मोजली गेली, असे म्हणता येणार नाही. पण घंटा झाल्यावरही शिक्षकखोलीतला चहा किती वेळ रेंगाळेल, हे शेवटी त्यांच्याच वागण्यावरून ठरते.

घरच्या संस्कारांपुढे शाळा काय करणार, या आक्षेपाला उत्तर वर आलेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रिक्त पदे, माहिती भरण्याची कामे आणि संस्थाचालकांचा दबाव यांत मुख्याध्यापकांच्या हाती उरते काय? थोडेच. तरी दहावीच्या परीक्षेत खिडकीतून चिठ्ठी आत येते, तेव्हा निकालाची टक्केवारी आठवून नजर वळवायची की खिडकीशी जाऊन उभे राहायचे, हा निर्णय कोणत्याही परिपत्रकाने त्यांच्याकडून काढून घेतलेला नाही. तेवढा वेळ अख्ख्या वर्गाचे पेन थांबलेले असते आणि सगळे मोठ्या सरांकडे पाहत असतात.