नाळ कचऱ्यात, पेशी परदेशातून

‘अवयव-चिप’विषयी भारतात बातमी आली की तिचा मथळा बहुधा ठरलेला असतो: आता उंदीर-सशांचे बळी थांबणार, औषधे स्वस्त होणार, भारत स्वावलंबी होणार. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांत दुरुस्ती केली आणि प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय म्हणून मानवी पेशींपासून घडवलेल्या प्रतिकृतींना मान्यता दिली. तेव्हापासून या मथळ्यांना भरती आली आहे. दुरुस्ती स्वागतार्ह आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्या मथळ्यांनी कधीच न विचारलेल्या प्रश्नाशी: चिपमधल्या पेशी कुणाच्या?

रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे, म्हणजे एंडोथेलियमचे, उदाहरण घ्यावे. पेशींचा हा जेमतेम एक थर. पण रक्त कुठे गोठावे, कुठे वाहते राहावे, संरक्षक पेशींनी कोणत्या जागी बाहेर पडावे, हे तो ठरवतो. काचेच्या थाळीत स्थिर द्रवाखाली वाढवलेला हा थर आणि शरीरातला थर यांत मोठे अंतर असते. धमनीत रक्ताचा प्रवाह या पेशींना एक ते दोन पास्कल इतक्या ताणाने सतत घासत असतो. त्या घर्षणाने पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि त्यांतील जनुकांचे कामही बदलते. म्हणून अभियंते पारदर्शक रबरात केसाएवढ्या नळ्या कोरतात, आतून पेशींचा थर चढवतात आणि पंपाने द्रव खेळवतात. बेंगळुरूत हे करण्यास काही कमी नाही. भारतीय विज्ञान संस्थेत सूक्ष्मरचनेची अद्ययावत सुविधा आहे; राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि ‘इनस्टेम’ एकाच आवारात नांदतात.

उणीव आहे ती पेशींच्या बाबतीत. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक जाफे आणि सहकाऱ्यांनी नवजात बालकाच्या नाळेतील शिरेतून या पेशी वेगळ्या करून वाढवण्याची पद्धत घालून दिली. पद्धत साधी आहे: शिर धुवायची, तीत कोलॅजनेज हे विकर भरायचे, शरीराच्या तापमानाला काही मिनिटे ठेवायचे आणि सुटलेल्या पेशी गोळा करायच्या. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. त्यांच्या नाळा आणि वारा जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे जातात. त्याच वेळी भारतातील अनेक प्रयोगशाळा अमेरिकन वा युरोपीय कंपन्यांकडून गोठवलेल्या नाळपेशींच्या कुप्या मागवतात. पाच-सहा वेळा नव्या थाळीत हलवल्यावर या पेशींचा गुण ओसरू लागतो. मग पुन्हा नवी कुपी, पुन्हा परकीय चलन.

प्रश्न केवळ पैशांचा असता तर तो हिशेबनिसांवर सोडता आला असता. ‘मानवी पेशी म्हणजे मानवी पेशी, ती कुठलीही असो’ हा युक्तिवाद मात्र विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पुणे परिसरातील आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या नवजात बालकांची तुलना केली. पुण्याच्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पण वजन इतके कमी असूनही पुण्याच्या बालकांच्या अंगी चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून होते. मधुमेह आणि हृदयविकार यांच्या वाटा गर्भातच आखल्या जाऊ लागतात, या विचाराला या कामाने बळ दिले. गरोदरपणी मधुमेह झालेल्या मातांच्या नाळपेशी वेगळ्या वागतात, हेही दिसून आले आहे. असे असताना साउदॅम्प्टनसारख्या ठिकाणची नाळ घेऊन पुण्याच्या वा बेंगळुरूच्या हृदयविकाराचे उत्तर शोधणे म्हणजे शेजाऱ्याची नाडी पाहून आपल्याला औषध देणे आहे.

डेंग्यूचे पाहू. या रोगात जीव धोक्यात येतो तो प्रामुख्याने रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे. विषाणूचे एनएस१ हे प्रथिन या अस्तरावरील शर्करायुक्त आवरण उद्ध्वस्त करते. सर्वसाधारण प्रयोगशाळेतील उंदरात हा आजार नीट घडतच नाही. त्यासाठी प्रतिकारशक्ती जाणूनबुजून लुळी केलेले उंदीर लागतात. म्हणजे मानवी अस्तराची चिप जिथे अनिवार्य आहे, असा हा रोग. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले. त्याआधी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील राहुल रॉय आणि सहकाऱ्यांनी १९५६ ते २०१८ या काळातील भारतीय डेंग्यू विषाणूंचे ४०८ जनुकक्रम अभ्यासून विषाणू येथे कसा बदलत गेला ते मांडले. विषाणू आपला, रुग्ण आपले. ज्या अस्तरावर तो घाव घालतो ते तेवढे आयात केलेले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की नाळेच्या पेशी नवजात बालकाच्या शिरेच्या असतात, प्रौढाच्या धमनीच्या नव्हेत. हे खरे आहे. म्हणूनच बायपास शस्त्रक्रियेत उरणारे रक्तवाहिन्यांचे तुकडे आणि रुग्णांच्या रक्तापासून घडवलेल्या मूलपेशीही हव्यात. त्यांनी मागणी वाढते, रद्द होत नाही. दुसरा आक्षेप संमती, नैतिकता आणि नोंदी यांच्या किचकटपणाचा. पण याच बेंगळुरूत निम्हान्स, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि इनस्टेम यांनी मिळून गंभीर मनोविकार असलेल्या कुटुंबांच्या रक्तापासून मूलपेशींचे वंश घडवले, जपले आणि प्रत्येक दात्याचा वैद्यकीय इतिहास त्यांना जोडला. मेंदूसाठी जे जमले ते रक्तवाहिन्यांसाठी जमणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

आधार नाही, पण कारण आहे. यंत्राचे छायाचित्र निघते, पेटंट मिळते, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होते. पेशीपेढीत मात्र प्रसूतिकक्षाबाहेर रात्रपाळीला उभी राहून आईची संमती घेणारी परिचारिका लागते, द्रव नायट्रोजनची टाकी वेळेवर भरणारा तंत्रज्ञ लागतो, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पाबरोबर न संपणारा पगार लागतो. आपली अनुदानव्यवस्था वस्तू विकत घेते. माणसे टिकवण्याचे तिला वावडे आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे देशाला पेशीवंश पुरवण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. त्याला कायमस्वरूपी निधी द्यावा, बेंगळुरू, पुणे, वेल्लोर अशा शहरांतील प्रसूतिगृहे त्याला जोडावीत, आणि आईचे वय, आहार, मधुमेह, रक्तदाब यांच्या नोंदींसह, नाव गुप्त राखून, पेशी सर्व सार्वजनिक प्रयोगशाळांना माफक दरात द्याव्यात. खाजगी पेढ्या नाळेतील रक्त जपण्यासाठी पालकांकडून मोठी रक्कम घेतात. सार्वजनिक पेढीने त्याच नाळेचे मोल समाजासाठी ओळखावे.

तोवर स्वदेशी चिपच्या प्रत्येक बातमीत एक ओळ सक्तीची असावी: आतल्या पेशी कुठून आल्या. उंदराला निरोप देण्याचे कारणच हे की तो आपला रुग्ण नाही. त्याच्या जागी दुसऱ्याच खंडातील अनामिक दाता आणून बसवला, तर प्रश्न निम्माच सुटतो.