ओसाड गावे दप्तरात, वसते पोड दप्तराबाहेर

यवतमाळ जिल्ह्याच्या महसुली दप्तरात अशी कितीतरी गावे आहेत की, ज्यांत आज एकही माणूस राहत नाही. त्यांना नाव आहे, शिवार आहे, नकाशा आहे, सातबाराचे उतारे आहेत. नाही ती केवळ वस्ती. विदर्भात अशा गावाला रिठी गाव म्हणतात. सरकारी भाषेत ते ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. याउलट, त्याच जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतील जंगलाच्या कडेने कोलामांचे पोड वसलेले आहेत. तिथे रोज चूल पेटते, मुले जन्मतात, म्हातारी माणसे मरतात. पण त्यांपैकी पुष्कळांना गाव म्हणून दप्तरात जागा नाही. ते शेजारच्या महसुली गावाच्या पोटात गणले जातात आणि बहुधा त्याच गावाच्या नावाने ओळखले जातात. जिथे कोणी नाही त्या जागेला गावाचा दर्जा आणि जिथे माणसे आहेत त्या जागेला नाही, ही विसंगती कोण्या कारकुनाच्या चुकीतून आलेली नाही. ती व्यवस्थेच्या हेतूतून आलेली आहे.

मराठी मुलखात गाव म्हणजे काळी आणि पांढरी अशी जुनी समजूत आहे. काळी म्हणजे कसणुकीची जमीन, पांढरी म्हणजे घरांची जागा. दोन्ही मिळून गाव होते. परंतु राज्यकर्त्याला सारा मिळे तो काळीवर. म्हणून त्याच्या वहीत काळी हीच गावाची ओळख ठरली. रिठी गावाची पांढरी मोडली तरी काळी शिल्लक राहिली, म्हणून ते गाव राहिले. पोडाला पांढरी आहे, पण स्वतःच्या नावाची काळी नाही, म्हणून तो गाव झाला नाही.

हा इतिहास फार दूरचा नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि पुढल्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने तिथे जमिनीची मोजणी सुरू झाली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नाव बदलले. या भागात उजाड गावे पुष्कळ होती. १८६५च्या सुमारास पडीक जमिनीचे नियम झाले आणि अशी गावेच्या गावे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने भांडवलदारांना देण्यात आली. जिल्ह्यातील काही गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द आजही चिकटलेला दिसतो, तो त्या व्यवहाराची खूण होय. ज्या जमिनी सरकारने ओसाड म्हणून इजाऱ्याने दिल्या, त्यांच्या आसपासच्या डोंगरांत फिरती शेती करणारी माणसे राहत होती, हे त्या व्यवहारात कोणी विचारात घेतले नाही. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडाला असे पिळून काढले की, १९०१ची लोकसंख्या १८९१च्या लोकसंख्येपेक्षा कमी भरली. गाव का उठले, माणसे कुठे गेली, यासाठी दप्तरात रकाना नव्हता. आजही तो नाही.

जनगणनेने हीच चौकट स्वीकारली. २०११च्या जनगणनेत भारतात ६ लाख ४० हजारांहून अधिक गावे नोंदली गेली. त्यांतील सुमारे ४३ हजार ओसाड होती. महाराष्ट्रातही अशा गावांची संख्या अडीच हजारांवर आहे. या प्रत्येक ओसाड गावाला जनगणनेच्या पुस्तकात स्वतंत्र ओळ आहे. पोड, तांडा, पारध्यांचा बेडा यांना मात्र, ते महसुली गाव नसतील तर, स्वतंत्र ओळ मिळत नाही. माणसे मोजली जातात, वस्ती मोजली जात नाही. जमातीच्या तक्त्यातही संदिग्धता आहेच. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. परंतु अनुसूचित जमातींच्या यादीत कोलाम आणि मन्नेरवारलू अशी एकत्र नोंद असल्याने त्या तक्त्यात कोलामांचा वेगळा आकडा निघत नाही.

यावर कोणी म्हणेल की, नावनोंदणीचा हा प्रश्न अभ्यासकांच्या हौसेचा आहे. तसे ते मुळीच नाही. गेल्या पंचवीस वर्षांत ग्रामीण विकासाचा पैसा वस्तीच्या लोकसंख्येच्या अटीवर वाटला जात आहे. डिसेंबर २०००मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची अट सपाट प्रदेशात ५०० लोकसंख्येची आणि आदिवासी व डोंगरी भागात २५० लोकसंख्येची होती. नोव्हेंबर २०२३मध्ये आदिम जमातींसाठी जनमन योजना आली, तिने रस्त्यासाठी ती अट शंभरावर आणली. सवलत मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण वीस घरांचा पोड शंभराच्या आतच राहतो. आणि जो पोड कोणत्याच यादीत स्वतःच्या नावाने नाही, त्याची लोकसंख्या शंभर आहे की दीडशे, हे ठरवायचे कोणी? योजना वस्तीसाठी आणि नोंद गावाची, अशा फटीत पोड सापडला आहे.

धरणांच्या बाबतीत ही फट अधिक क्रूर होते. इसापूर धरणाने पैनगंगेच्या खोऱ्यातील गावे उठवली. निम्न पैनगंगा प्रकल्पाविरुद्ध बुडीत क्षेत्रातील लोक वर्षानुवर्षे लढत आहेत. महसुली गाव बुडते तेव्हा निदान त्याची यादी होते. ज्या वस्तीची नोंदच नाही ती बुडाली तर कागदोपत्री काहीच बुडत नाही. आजचे रिठी गाव दुष्काळाने कमी आणि ‘विकासा’ने अधिक तयार होते, हे विसरून चालणार नाही.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पोड जागा बदलत असत, तेव्हा त्यांची नोंद कशी टिकणार? ही गोष्ट जंगल मोकळे असतानाची आहे. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्यापासून हलायला जागाच उरली नाही. पोड आता सक्तीने स्थिर आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. वीस घरांसाठी शाळा, विहीर, रस्ता परवडणार कसा? अर्थशास्त्राचे उत्तर सरळ आहे. खर्च न केल्याने तो नाहीसा होत नाही, त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. विहीर खोदली नाही तर तिची किंमत डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई रोज फेडते. ती किंमत अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढाच फरक.

तिसरी एक शंका मात्र आक्षेप म्हणून झटकून टाकता येणार नाही. दुर्बल समाजांची यादी नेहमी त्यांच्या भल्यासाठीच झाली असे नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली याद्या झाल्या त्या पोलिसांच्या हजेरीसाठी. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला, तरी पारध्यांच्या बेड्यावरचा संशय गेलेला नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींचे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत कोलाम आहेत, बंजारा आहेत, पारधीही आहेत. परंतु ज्यांचे वर्णन झाले त्यांना आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे कोणी वाचून दाखवले नाही. म्हणून खरा प्रश्न यादी व्हावी की न व्हावी हा नाही; ती कोणी करावी आणि कोणाच्या हाती राहावी, हा आहे.

याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. वनहक्क कायदा २००६ याच्या कलम ३मध्ये वनगावे, जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावे यांचे महसुली गावांत रूपांतर करण्याचा हक्क मान्य झाला आहे. त्याच्या नियमांनी जनगणनेची पुस्तके आणि गॅझेटियर यांबरोबरच विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांचे जबाब हाही पुरावा धरला आहे. म्हणजे रिठी गावातील पडकी विहीर, शेंदूर उडालेला देव आणि म्हातारीची आठवण ही आता संग्रहालयाची वस्तू नाही; ती हक्काची कागदपत्रे आहेत. ती आठवण सांगणारी पिढी मात्र झपाट्याने जात आहे. अनुसूचित क्षेत्रापुरते पाहिले तर महाराष्ट्राच्या २०१४च्या पेसा नियमांनी पाड्याला आणि वस्तीला स्वतःचा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागण्याची वाट मोकळी केली आहे. यवतमाळच्या कोलामांना ती वाट माहीत करून देणे हे प्रशासनाइतकेच चळवळीचेही काम आहे.

२०२१ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन आहे. या गणनेच्या निमित्ताने जिल्ह्यातील प्रत्येक पोड, तांडा आणि बेडा यांची तालुकावार यादी त्यांच्या स्वतःच्या नावाने व्हावी. कोलामांच्या बोलीत वस्तीचे जे नाव असेल ते नोंदले जावे. प्रत्येक रिठी गावापुढे ते केव्हा व का उठले, हे ग्रामसभेला विचारून लिहिले जावे. यादी त्या वस्तीत वाचून दाखवावी आणि लोकांनी दुरुस्त केल्यावरच ती पक्की मानावी. तिचा उपयोग कोणालाही उठवण्यासाठी होणार नाही, अशी लेखी हमी त्याबरोबर असावी.

यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती काळीवरून पांढरीकडे नजर वळवण्याची तयारी. ज्या गावात दिवा नाही त्याला राज्याने दीडशे वर्षे गाव म्हटले. ज्या पोडात दिवा आहे त्याला गाव म्हणायला आता आणखी एक जनगणना थांबण्याचे कारण नाही.