नवे अंक कपाटात नकोत

आपल्या वाचनालयात ‘शेतकरी’ मासिकाचा नवा अंक आला की शिक्का मारून कपाटात जातो, आणि चावीवाला दुपारी जागेवर नसतो. आमचे मत असे की, अंक आल्या दिवशीच टेबलावर पडावा. फाटला तर फाटू द्या. वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगे रात्री कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते तेव्हाच गोळा करायचे. हेच ऑगस्टात वाचून काय करणार? तोवर अळी उसाच्या मुळ्यांना लागलेली असते.

वाचनालयातल्या संगणकावर आता ‘कृषिकोश’ही उघडतो. राहुरीसह कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात आहेत. विषय, लेखक, वर्ष यांवरून शोधता येतात. को ८६०३२ आपल्या शिवारात सगळ्यांच्या तोंडी, पण तिच्या खोडव्यावरचे, पाचटावरचे काम किती जणांनी पाहिले? अडचण आहे ती भाषेची. प्रबंध बहुतेक इंग्रजीत. तेव्हा सभासदाने आपला प्रश्न मराठीतच चिठ्ठीवर लिहावा. शोधून, सोपे करून सांगणे हे आम्हा शेतकी खात्याचे काम, पगार त्याचाच घेतो. चिठ्ठी चिटबॉयकडे दिली तरी पोचेल.