सर, हे कशावरून?

मित्रांनो, पेपरात अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले की आपण काय करतो? उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागतो, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरतो. त्याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. मग "तुला डिप्रेशन आहे" असं डॉक्टरांनी सांगितल्यावर "सर, हे कशावरून?" एवढं विचारताना आपली जीभ का अडखळते?

माझंच सांगतो. सेकंड इयरला झोप उडाली, मेसचं जेवण जाईना, सबमिशन पडून राहिलं. रूमवर एकच, "काय बे, प्रेमात पडलास का?" शेवटी कुणाला न सांगता डॉक्टरांकडे गेलो. दहा मिनिटांत चिठ्ठी हातात! चार दिवस गोळ्या घेतल्या आणि पाचव्या दिवशी कपाटामागे टाकल्या. विश्वासच बसला नव्हता.

पण खरं सांगू? मीही सगळं सांगितलं नव्हतं. त्याआधी गॅदरिंगच्या वेळी तीन-तीन रात्री न झोपता मी नुसता पळत होतो, अखंड बोलत होतो, उसने पैसे उधळत होतो. ते दुखणं असेल असं वाटलंच नव्हतं!

डिप्रेशन दाखवणारी रक्ततपासणी अजून तरी नाही. रक्त तपासतात ते थायरॉइडसारखं दुसरं कारण नाही ना, हे बघायला. बाकी निदान आपण आणि घरचे काय सांगतो त्यावरच. माणूस उदास असतानाच दवाखान्यात जातो, म्हणून बायपोलर आजार सुरुवातीला नुसतं डिप्रेशन वाटू शकतो. आणि दोन्हींची औषधं वेगळी! इनपुट अर्धवट, तर आउटपुट चुकणारच.

निदान म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. १९७३ पर्यंत समलैंगिकता हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आजार होता. त्या वर्षी तो काढला. इकडे पुण्यात काम केलेल्या भार्गवी दावर यांनी आईला मनोरुग्णालयात ठेवलेलं लहानपणी पाहिलं होतं. त्यांनी १९९९ मध्ये आईच्या नावानं बापू ट्रस्ट सुरू केला. आधी त्या माणसाचं ऐका, हा त्यांचा आग्रह. आता तर कायदाच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. आजार कोणता, उपचार कोणते हे विचारण्याचा, आपली कागदपत्रं बघण्याचा आणि गुप्ततेचा हक्क त्यात आहे.

मी महिनाभर झोपेची नोंद वहीत केली आणि त्याच डॉक्टरांकडे परत गेलो. गोळ्या बंद केल्याचंही सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवला, वही पूर्ण वाचली, निदान बदललं. म्हणाले, "हे मीच विचारायला हवं होतं." त्या एका वाक्यानं विश्वास बसला. समजा ते चिडले असते, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो असतो. पण गोळ्या मनानं बंद करणं ही माझी चूकच होती.

रेक्टर सरांना आणि शिक्षकांना एक विनंती. एखादा लेक्चरला दिसेनासा झाला तर "मेंटल आहे" म्हणून सोडून देऊ नका. आणि मित्रांनो, कुणाशी बोलावं हेच कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.

तेव्हा, शंका जरूर घ्या. पण ती कपाटामागे टाकू नका, डॉक्टरांसमोर ठेवा!